ऑक्टोबरातली सहा नावं

सौदीतल्या यान्बूला आमच्या समोरच्या घरात एक रशियन बाई राहायची. तिचा नवरा कॉम्प्रेसरमधला जाणकार, कुठल्याशा प्लांटवर तीन वर्षांच्या करारावर आलेला. माझा नवरा तिला 'तुझी रशियन' म्हणायचा आणि मी 'समोरची'. तिचं नाव मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, पण ते मी इथे लिहिणार नाही. कुणाचंच लिहिणार नाही, माझंसुद्धा. जी नावं तिच्या वहीत होती आणि ज्यांना आता माणूस उरलेला नाही, तेवढीच लिहीन. नावांविषयी लिहायला बसून नावं लपवायची हा आडमुठेपणा आहे, मान्य. आडमुठी मी पहिल्यापासूनच आहे.

हिवाळ्यात आम्ही दोघी पहाटेची नमाज होऊन गेली की फिरायला निघायचो. समुद्राकाठच्या फरसबंद रस्त्यावर त्या वेळी आमच्याशिवाय फक्त झाडांना पाणी घालणारे बंगाली माळी असायचे. लांब रिफायनरीच्या चिमणीवर ज्योत जळत असायची. उजाडायच्या आधी ती केशरी दिसायची आणि उजाडलं की फिकट होत होत नुसता हवेचा थरथराट उरायचा. लाल समुद्र म्हणतात, पण तो त्या वेळी दुधाळ असतो. लाटा नाहीत, आवाज नाही. वीस वर्षं मी तो समुद्र बघतेय आणि अजूनही सकाळी त्याच्याकडे बघताना मला वाटतं, मी पूर्ण जागी झालेली नाही.

ती माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, साठी उलटलेली, उंच, डोक्याला नवऱ्याची लोकरी टोपी. तिचं इंग्रजी तुटकं आणि माझं शाळामास्तरणीचं. मी इथल्या भारतीय शाळेत नऊ वर्षं शिकवलंय. दोघींचं जमलं ते मात्र तिच्या वहीमुळे. आपली गणिताची असते तशी चौकटींची वही होती. कोटाच्या खिशात असायची. त्या वहीत तिने बायकांची नावं जमवली होती, साधीसुधी नाहीत. रशियातसुद्धा आता कुणी मुलींना ठेवत नाही अशी, एखाद्या खेड्यातल्या थडग्यावर किंवा पणजीच्या तोंडी उरलेली. रोज सकाळी एक नाव ती मला सांगायची. पहिलं बाकडं ओलांडलं की नाव, आणि खारफुटीपाशी पोचेपर्यंत त्याचा अर्थ.

अग्लाया म्हणजे झळाळी. ग्लाफिरा म्हणजे गुळगुळीत, घासून तकाकी आणलेली. सेराफिमा म्हणजे ज्वालेसारखी जळणारी. फोतिनिया म्हणजे उजेडाची. याच नावाचं पुढे रशियन भाषेत दुसरं नाव झालं आणि ते मात्र गल्लोगल्ली पसरलं. बहुतेक नावं मुळात ग्रीक होती. धर्माबरोबर ती उत्तरेकडे गेली आणि बर्फात राहून तिथलीच झाली. एकदा तिने वार्वारा हे नाव सांगितलं. याचा अर्थ परकी, जिची भाषा कुणाला कळत नाही अशी बाई. मी म्हटलं, "आमच्याकडे संस्कृतात बर्बर म्हणतात, तेच असणार." ती थांबली आणि वहीत तिने माझ्याकडून ते देवनागरीत लिहून घेतलं.

"मग इथे आपण दोघीही वार्वाराच," ती म्हणाली.

"इकाम्यावर तेच लिहिलेलं आहे, फक्त अरबीत," मी म्हटलं. इकामा म्हणजे इथला राहण्याचा परवाना. त्यावर माझं नाव, मग नवऱ्याचं, मग आडनाव, सगळं उजवीकडून डावीकडे. दवाखान्यातली सौदी नर्स मला 'अमक्याची आई' म्हणून हाक मारते, बकाल्यातला, म्हणजे किराणा दुकानातला, मलबारी 'मॅडम' म्हणतो. वीस वर्षांत मी कितीतरी नावांना 'हं' म्हणायला शिकलेय.

दुपारी नवरा प्लांटवर, मुलगा शिकायला पुण्याला. एसीची घरघर आणि ओढलेले पडदे. अशा वेळी डोळा लागला की त्या बायका यायच्या. ग्लाफिरा माझ्या स्वयंपाकघरात पितळेचा डबा घासत बसलेली असायची. अग्लाया आरशासमोरून हलायची नाही. वार्वारा दारातच उभी, आत या म्हटलं तरी तिला कळायचं नाही. मी कूस बदलली की त्याही बदलायच्या. जाग आली की खोलीत कुणी नसायचं आणि चहाची वेळ झालेली असायची. नवऱ्याला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, "जेवणात ताक कमी कर."

एका सकाळी नाव आलं नेझ्दाना. हे ग्रीक नव्हे, अस्सल जुनं तिथलंच. अर्थ, जिची वाट पाहिली नव्हती ती. नको असताना आलेली मुलगी. दृष्ट लागू नये म्हणूनही असं नाव ठेवत, ती म्हणाली, आणि खरंच नको असली तरीही ठेवत.

"आमच्याकडेही असतात," मी म्हटलं. "मुलींवर मुली झाल्या की नकोशी. म्हणजे नको असलेली. खेड्यापाड्यांत, पूर्वी."

हे 'खेड्यापाड्यांत, पूर्वी' मी ज्या सहजपणे म्हटलं, त्याची आता मला लाज वाटते.

तिने मग माझ्या नावाचा अर्थ विचारला. मी सांगितला, बाळांच्या नावांच्या पुस्तकात छापलेला असतो तसा.

"कुणी ठेवलं?"

"नवऱ्याने," मी म्हटलं. "तांदळात."

ती मध्येच उभी राहिली. मग मला सगळं सांगावं लागलं. आमच्यात लग्नानंतर लक्ष्मीपूजन करतात. तबकात तांदूळ पसरतात आणि नवरा सोन्याच्या अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहितो. मग ते सगळ्यांना सांगतात, पेढे वाटतात आणि त्या दिवसापासून ती बाई त्या नावाची. आता पुष्कळ मुली बदलत नाहीत, पण आमच्या वेळी सर्रास होतं. नवऱ्याचं अक्षर तेव्हाही कोंबडीचे पायच होते, त्यामुळे सासूबाईंना दोनदा विचारावं लागलं की काय लिहिलंस रे. त्या तांदळांचं पुढे काय झालं ठाऊक नाही. बहुतेक खिरीत गेले असतील.

"आणि आधीचं नाव?"

"ते खलास," मी म्हटलं आणि हसले.

ती हसली नाही. "आधी तू कोण होतीस?"

मी माझं माहेरचं नाव तिला सांगितलं. कितीतरी वर्षांनी मी ते मोठ्याने उच्चारत होते. समुद्राकडे तोंड करून उच्चारलं, आणि ते दुसऱ्याच कुणाचं असावं असं वाटलं. लाडकं म्हणावं असं ते माझं कधीच नव्हतं. मोठ्या दोघी बहिणींची नावं चारचौघींसारखी, माझं जुनाट, शाळेत वर्गात त्या नावाची मी एकटीच. लग्नात ते गेलं तेव्हा मला सुटल्यासारखं झालं होतं. आईनेही महिन्याभरात मला नव्या नावाने हाक मारायला सुरुवात केली. "सासरचं नाव लागलं, आता तेच," ती म्हणाली होती. पत्रावरसुद्धा तेच नाव घालायची. माझी आई तशी शिस्तीची.

"याचा अर्थ काय? का ठेवलं?" समोरचीने विचारलं.

"माहीत नाही. आईला विचारायला हवं," मी म्हणून गेले. आणि खारफुटी यायच्या आधीच घराकडे वळले.

कारण आईला आता काही विचारता येत नव्हतं. ती नाशिकला माझ्या धाकट्या भावाकडे असते. दोन वर्षांपूर्वी तिला विसर पडायला लागला. आधी चष्मा, मग गॅस, मग नातवंडं. त्या दिवाळीला मी गेले. आई गॅलरीत बसली होती, स्वच्छ पातळ नेसलेली, केस विंचरलेले. मी शेजारी बसले, हात हातात घेतला. तिने तो काढून घेतला नाही. सभ्यपणे माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमचं माहेर कुठलं हो?"

"इथलंच," मी म्हटलं.

"मग बरंय. भाऊ आहे?"

"आहे."

"मग भाऊबीज करूनच जा. अशाच जाऊ नका." आणि आत वळून माझ्या भावजयीला तिने सांगितलं, "पाहुण्यांना कुंकू लाव गं."

भावजयीने लावलं. मला तिचा भयंकर राग आला, जसं काही सगळं तिनेच केलं होतं. भावाचाही आला. पण खरा राग आला आईचा. तिच्या लेखी मोलकरीण होती, शेजारची मांजर होती, फक्त मी नव्हते. विमानात मी जेद्दापर्यंत रडले, शेजारच्या हाजी आजोबांनी न बोलता त्यांच्या खजुरांतले तीन मला दिले.

त्यानंतर भावजय आठवड्याला व्हिडिओ कॉल लावायची. फोन आईच्या तोंडासमोर धरायची आणि मोठ्याने सांगायची, "आई, बघा कोण आहे! सौदीच्या ताई!" पुढे माझं नाव. आई पडद्याकडे बघायची आणि दोन्ही हात जोडून मला नमस्कार करायची. आईने लेकीला नमस्कार करायचा हे मला बघवेना. तीन-चारदा झाल्यावर मी सांगितलं, आता नको लावू. मग वर्षाहून जास्त काळ मी आईचं तोंड पाहिलं नाही. तब्येत विचारायची, औषधं विचारायची, आणि फोन ठेवायची. मी रुसले होते. ज्या बाईला आपण कोण ते ठाऊक नाही तिच्यावर रुसून काय मिळणार, पण रुसले होते.

समोरचीला हे सगळं त्या सकाळनंतर हळूहळू सांगितलं. तिने समजूत घातली नाही. म्हातारपणाला इलाज नाही वगैरे काही म्हणाली नाही. ती नुसती बरोबर चालायची आणि ठरल्याप्रमाणे एक नाव सांगायची.

फेब्रुवारीच्या शेवटी एकदा फार धुकं पडलं. यान्बूला असं वर्षातून दोन-तीनदाच होतं. समुद्र दिसेना, पलीकडची ज्योत दिसेना, माळ्यांच्या पाइपांतून पाणी पडल्याचा तेवढा आवाज. आम्ही बाकड्यावर बसलो. तिने वही काढली आणि शेवटचं पान उघडलं. त्यावर सहाच नावं होती, एकाखाली एक, ठळक अक्षरात.

"ही मी तुला सांगितली नाहीत," ती म्हणाली. "यांतलं एक माझ्या आईचं आहे. कोणतं, ते मला माहीत नाही."

तिची आई जन्मली त्या काळात तिच्या देशात देवाधर्माचं नाव काढायची सोय नव्हती. लोक मुलींची नावं क्रांतीवरून ठेवत. इस्क्रा म्हणजे ठिणगी. त्राक्तोरिना, म्हणजे खरोखरच ट्रॅक्टरवरून. निनेल, हे एका पुढाऱ्याचं नाव उलटीकडून लिहून केलेलं. तिच्या आईचं कागदावरचं नाव ऑक्टोबर महिन्यावरून होतं. पण आजीने गुपचूप एका म्हाताऱ्या धर्मगुरूला घरी बोलावलं, पितळी घंगाळात पाणी भरलं आणि मुलीला दुसरं नाव दिलं. रीत अशी होती की ज्या आठवड्यात मूल जन्मेल त्या आठवड्यातल्या संतिणींपैकी एकीचं नाव द्यायचं. आजीने ते नाव कुणाला सांगितलं नाही. सांगणं धोक्याचं होतं. आजी गेली, आणि काही वर्षांपूर्वी आईही गेली.

"मेलेल्या माणसासाठी चर्चमध्ये चिठ्ठी देतात," ती म्हणाली. "चिठ्ठीवर फक्त नाव. धर्मगुरू ते मोठ्याने वाचतो. पण नाव बाप्तिस्म्याचंच लागतं. ऑक्टोबर चालत नाही. गावाकडे माझी बहीण आहे, ती दर वर्षी विचारते, काय लिहू? मी म्हणते थांब, मी शोधतेय."

म्हणजे ही वही छंदाची नव्हती. इतके दिवस मी मजेने ऐकत होते आणि ही बाई आपल्या आईला शोधत होती.

तिने सहा नावं वाचली. विरिनेया, बहुधा हिरवीगार. प्रोस्दोका, जिची वाट पाहिली ती. दोम्निना, घरधनीण. हारितिना, कृपा. पेलागेया, समुद्राची. ताइसिया, हिच्या अर्थाविषयी एकमत नाही. त्या धुक्यात मला वाटलं, सहाही जणी पाण्याच्या कडेला ओळीने उभ्या आहेत, पाठमोऱ्या, डोक्याला रुमाल बांधलेल्या, आणि हाक कोणाला येते याची वाट बघतायत.

"आधी वाटलं अर्थावरून ओळखता येईल," ती म्हणाली. "आई पाण्याला भ्यायची, म्हणून मी पेलागेया खोडलं. मग वाटलं, भीती तर ओळखीच्याच गोष्टीची वाटते. परत लिहिलं. घरात तिचं काही चालायचं नाही, मग दोम्निना कशी? पण कपाटाच्या किल्ल्या तिच्याकडेच असायच्या. असं चार वर्षं चाललंय."

मला एकदम चीड आली. माझा स्वभावच तो, कुणाचं वाईट वाटलं की मी आधी चिडते. "तुमच्या देवाला एवढं कळत नाही का? नाव चुकलं म्हणून काय तो परत पाठवणार आहे?"

"देवाला कळेल," ती शांतपणे म्हणाली. "आईला कळायला हवं ना, की तिलाच बोलावतायत."

मग तिने वहीतून कोरा कागद फाडला, गुडघ्यावर ठेवून त्यावर सहाही नावं लिहिली आणि फोनने त्याचा फोटो काढला. बहिणीला पाठवायला. "सगळी वाचू देत," ती म्हणाली. "एकीला तरी ऐकू येईल." फोन खिशात टाकून ती उठली. "आणि तू? तू तुझ्या आईला कोणत्या नावाने हाक मारायला लावतेस?"

प्रश्न मला आधी कळलाच नाही. आणि कळला तेव्हा मी परत बाकड्यावर बसले.

भावजय लग्न होऊन आली ती माझ्या लग्नानंतर चार वर्षांनी. तिला मी ठाऊक होते ती नव्या नावाचीच. भाऊ मला ताई म्हणतो. फोनवर, घरात, दिवाळीत, आईच्या कानाशी दर वेळी जे नाव ओरडून सांगितलं जात होतं ते नवऱ्याने तांदळात लिहिलेलं होतं. आईने ते शिस्तीने पाठ केलेलं होतं, आणि पाठ केलेलं आधी जातं. नऊ वर्षं मुलांना शिकवून मला हे ठाऊक असायला नको का? पण मलाही सुचलं नाही. मी स्वतःच मला त्या नावाने ओळखत होते.

त्या दिवशी स्वयंपाकात माझं लक्ष नव्हतं. आमटीत मीठ दोनदा पडलं आणि नवरा जेवायला घरी येत नाही म्हणून बरं झालं. तीन वाजता मी भावजयीला फोन लावला. नाशिकला तेव्हा साडेपाच झालेले असतात. आवाज न चढवता बोलायचं असं ठरवून मी म्हटलं, "आईला दाखव."

"ताई, अहो पण..." ती म्हणाली. मग तिने फोन गॅलरीत नेला.

आई बारीक झाली होती. गळ्याशी पदर नीट लपेटलेला. भावजयीने सवयीने सुरुवात केली, "आई, बघा कोण..." मी तिला थांबवलं. म्हटलं, "तू काही सांगू नकोस. मी बोलते."

आईने हात जोडले. मी माझं माहेरचं नाव घेतलं. नुसतं तेवढंच.

आईचे हात खाली आले. ती पडद्याकडे बघत नव्हती, गॅलरीच्या कठड्यावरून खाली, रस्त्याकडे बघत होती. चेहरा मात्र बदलला होता. हा चेहरा मी ओळखत होते.

"ती होय," आई म्हणाली. "ती अजून शाळेतून यायचीय. पाच वाजून गेले, येईलच आता. बसा ना तुम्ही."

मला वाटलं होतं आई मला ओळखेल. तसं झालं नाही. झालं ते वेगळंच, आणि त्याला काय म्हणायचं मला अजून ठरवता आलेलं नाही. मी फोन टेबलावर डब्याला टेकवून ठेवला आणि खुर्ची ओढली.

"बसते," मी म्हटलं. "हुशार आहे का हो मुलगी?"

"हुशार आहे. हट्टी फार." आई हसली. "तिसरी मुलगी माझी. सासूबाई म्हणाल्या, आता पुरे, हिचं नाव नकोशी ठेवा. बारशाला नणंद आली, तिने पाळण्यात तेच सांगितलं, कुर्रर्र करून. मी गप्प बसले."

माझं असं काही नाव होतं हे आता घरात कुणालाच माहीत नव्हतं. मला तर नव्हतंच.

"पण मी काय केलं," आई पुढे झुकली, आवाज खाली आणला, "त्या दिवशी सकाळी आंघोळ घालताना तिच्या कानात मी माझ्या मनातलं नाव आधीच सांगून ठेवलं होतं. तीनदा सांगितलं. कानात आधी जाईल ते खरं, नाही का? मग शाळेत घालायला मी स्वतः गेले. ह्यांना म्हटलं तुम्ही शेतावर जा, मी घालते. मास्तरांनी विचारलं नाव काय, मी माझं सांगितलं. लिहिलं त्यांनी. आता कोण काय करतंय?"

"कुणाचं नाव ते?"

"आमच्या बाईंचं. मी चौथीत होते तेव्हा शाळेतनं काढलं मला. बाई घरी आल्या होत्या सांगायला. उन्हाच्या, चालत. म्हणाल्या पोरीला काढू नका, डोकं आहे हिला. वडिलांनी ऐकलं नाही. पाणीसुद्धा न घेता गेल्या बाई." आईने पदर सारखा केला. "त्यांचं नाव ठेवलं. म्हटलं ही तरी जाईल शाळेत."

समोरच्या बाईला मी म्हटलं होतं अर्थ माहीत नाही. ग्रीक नाही, संस्कृत नाही, पुस्तकात सापडणार नाही असा तो अर्थ होता. उन्हातून चालत आलेली एक मास्तरीण, जिचं कुणी ऐकलं नाही. आईने ते नाव लढून मिळवलं, आणि माझ्या लग्नात जेव्हा ते पुसलं गेलं तेव्हा मला सुटल्यासारखं झालं आणि ती समोर उभी राहून पेढा खात होती. 'सासरचं नाव लागलं, आता तेच.' हे वाक्य म्हणताना तिला काय झालं असेल, याचा मी तीस वर्षांत एकदाही विचार केला नव्हता. त्या क्षणी मला हुंदका आला आणि मी तो ओढणीत दाबला. परक्या बाईसमोर रडायचं नसतं, आणि आईच्या दृष्टीने मी परकीच होते.

दुपारचं ऊन पडद्याच्या फटीतून टेबलावर आलं होतं. तिकडे नाशिकला गॅलरीत सावल्या लांबल्या होत्या. खालून खरोखरच शाळेची बस गेली असावी, मुलांचा गलका ऐकू आला. आईने मान उंचावून बघितलं.

"उशीर झाला हिला," ती म्हणाली. "तुम्हाला खोळंबा. चहा टाकायला सांगू का?"

"नको, मी येईन परत," मी म्हटलं. "उद्या येते, याच वेळेला."

"या की. ती भेटेल उद्या." मग तिला काहीतरी आठवलं. घरी आलेल्या माणसाचा निरोप नीट पोचवायचा, ही तिची जुनी शिस्त. "आली की सांगते तिला. नाव काय सांगू तुमचं?"

माझ्या ओठांवर दोन्ही नावं आली. मी माझं नाव सांगितलं.

"अगं बाई," आई म्हणाली आणि पहिल्यांदाच तिने सरळ माझ्याकडे पाहिलं. "तुमचंही तेच? आता कुणी ठेवत नाही हो हे. आईने ठेवलं का?"

"हो," मी म्हटलं. "आईनेच."